दुसऱ्या फळीवरची चौदा भांडी

कोर्टात नऊ सामान्य माणसं बसवून त्यांना निकाल विचारायची पद्धत आपल्याकडे कधीच बंद झाली. बरंच झालं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावर नऊ माणसांचं एकमत व्हायला दोन पावसाळे गेले. तरी सामान्य नागरिकाला धरून न्यायदानाला जुंपायची एक वाट अजून उघडी आहे. तिला पंच म्हणतात. पोलिसांना कुणाच्या घरातून काही जप्त करायचं असलं की दोन तिऱ्हाईत माणसं सोबत लागतात. त्यांनी बघायचं, पोलीस जे लिहितील त्याखाली सही करायची आणि काही वर्षांनी कोर्टात उभं राहून सांगायचं की हो, बघितलं.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, वॉशर, ग्रीसचे डबे. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर, कितव्या फळीवर, किती, हे लिहून ठेवणं हे माझं काम आणि दुर्दैवाने माझा स्वभावही. माझ्या पर्समध्ये एक छोटी डायरी असते. नवऱ्याचं म्हणणं, मी त्याच्याशी लग्नही तपासणी करूनच केलं असणार. केली होती. काही मुद्दे सुटले, पण तो विषय वेगळा.

त्या शनिवारी यादीत सात कामं होती. तिसरं होतं पोलीस स्टेशन, पासपोर्टची पडताळणी. पाचवं होतं मोड आलेली मटकी. ती ज्या बाईकडे चांगली मिळते तिची टोपली साडेबाराला रिकामी होते, म्हणून सगळा दिवस त्या मटकीभोवती आखलेला होता.

हवालदारांनी माझे कागद बघितले, आधारकार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मॅडम, नोकरी करता?"

"हो."

"सुशिक्षित दिसता."

इथेच मी उठायला हवं होतं. पोलीस स्टेशनात कुणी आपली स्तुती करायला लागलं की समजावं.

"दहा मिनिटांचं काम आहे. पंच म्हणून यायचं. इथेच, द्वारका चौकाच्या मागे. लेडीज आरोपी आहे, लेडीज पंच असला की बरं पडतं."

माझी फाईल त्यांच्या कोपराखाली होती. त्यांनी तसं काही सुचवलं नाही, फक्त कोपर उचलला नाही. मी गेले.

दुसरे पंच स्टेशनसमोरचे चहावाले होते. गाडीत माझ्या शेजारी आरामात बसले, खिशातून स्वतःचं पेन काढून तपासलं. मी विचारलं, "तुम्ही आधी कधी पंच झालात?"

"मोजत नाही ताई. चहा द्यायला जातो, सही करून येतो."

द्वारकेच्या सिग्नललाच दहा मिनिटं गेली. तेवढ्यात हवालदारांनी प्रकरण सांगितलं. गंगापूर रोडकडच्या एका बंगल्यातली चांदीची वाटी गेली होती. बंगल्यातल्या बाईंचा संशय भांडी घासणाऱ्या बाईवर. नावं मी इथे लिहीत नाही. एक बंगल्यातल्या बाई, एक भांडीवाल्या बाई, एवढं पुरे.

भांडीवाल्या बाईंचं घर म्हणजे एक खोली. एक पलंग, एक गॅस आणि भिंतीला लावलेली स्टीलची मांडणी. सोबतच्या महिला शिपायाने सगळं उलथंपालथं केलं. चांदीची वाटी नव्हती. मग हवालदारांची नजर मांडणीकडे गेली. मांडणीच्या दुसऱ्या फळीवर भांडी होती. घासून, पुसून, उतरत्या क्रमाने एका ओळीत. आमच्या स्टोअरमध्येही इतकी सरळ ओळ मी दोनदा ओरडल्याशिवाय लागत नाही. हवालदारांनी एक डबा उचलला, उलटा करून बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यावर बंगल्याचं आडनाव कोरलेलं होतं.

"ही कुठून आली?"

"त्यांनीच दिली, साहेब," बाई म्हणाल्या. माझ्याच वयाच्या असतील, पंचेचाळीस-पन्नास. निफाडकडची बोली. "उरलेलं अन्न डब्यात घालून देत्यात. भाजी, कधी शिरा."

"मग डबा परत का नाही केला?"

"रिकामा कसा न्यायचा? कायतरी घालून द्यावं लागतं ना. करू करू म्हणून राहून गेलं."

"वा! इतक्या वेळा राहून गेलं?"

चहावाले हसले. मी मनगटाकडे बघितलं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

हवालदारांनी भांडी गोणीत भरली, गोणी पलंगाजवळ ठेवली आणि पलंगावर बसून लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. चहावाल्यांनी न वाचता सही करून पेन खिशात टाकलंसुद्धा. मी वाचला. वाचल्याशिवाय मी कुरिअरच्या पावतीवरही सही करत नाही. त्यात लिहिलं होतं: 'पलंगाखाली गोणीत लपवून ठेवलेली, नाव कोरलेली तेरा भांडी मिळून आली.'

"तेरा नाहीत," मी म्हणाले, "चौदा."

"असतील."

"असतील नाही, आहेत. झाकणं न धरता. चौदा."

त्यांनी गोणी ओतून, एकेक नाव बघत पुन्हा मोजली. चौदा निघाली. त्यांनी खोडून चौदा केलं, मी शेजारी सही केली आणि मला फार समाधान वाटलं. आकडा दुरुस्त केला म्हणून. 'पलंगाखाली' आणि 'लपवून' हे दोन शब्द मी वाचले होते. खटकलेही होते. पण त्यासाठी सगळं वाक्य बदलावं लागलं असतं, म्हणजे अख्खा कागद नव्याने लिहायचा, म्हणजे अजून अर्धा तास. मी खाली सही केली, डायरीत सवयीने नोंद केली आणि मटकीला धावले. बारा पंचवीसला पोचले. शेवटचं माप मला मिळालं.

पासपोर्ट वेळेवर आला. पंचनाम्याच्या नोंदीपुढे मी बरोबरची खूण केली आणि विसरून गेले.

तीन वर्षांनी समन्स आलं. आणणारे तेच हवालदार, आता केस थोडे कमी. "मॅडम, घाबरू नका. तीन वाक्यं म्हणायची. पंचनामा माझ्यासमोर झाला. मजकूर बरोबर आहे. सही माझी आहे."

"तारीख काय होती, वेळ काय होती, ते विचारतील ना?"

"कशाला विचारतील? चहावाल्यांनी दिली मागच्या महिन्यात साक्ष. चार मिनिटांत मोकळे."

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होत्या. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत. मी दोन्ही दिवस कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या बाई होत्या. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"तुम्हीच ना, चौदा म्हनलेल्या?"

मी हो म्हणाले. माझ्याबद्दल एवढीच आठवण कुणाकडे असावी, हे काही बरं वाटलं नाही.

साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये हे मला माहीत होतं. त्यांना ते कुणी सांगितलं नसावं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत सांगत राहिल्या, रागाने नाही, हवापाण्याच्या गप्पा असाव्यात तसं. चार घरची कामं होती, चारही सुटली. आता एका मंगल कार्यालयात भांडी घासतात, तिथे कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं. निघताना मॅनेजर त्यांची पिशवी बघतो, पण सगळ्यांचीच बघतो, त्यामुळे चालतं. शिक्षा झाली तर तेही जाणार. "पंचवीस वर्सं लोकांच्या चांदीच्या ताटल्या घासल्या ताई. चोरायचं असतं तर डबे चोरले असते का?"

त्या रविवारी मी जुनी डायरी शोधली. सगळ्या डायऱ्या मी वर्षवार ठेवते, नवरा त्याला पुरातत्त्व विभाग म्हणतो. पान सापडलं. माझ्याच अक्षरात: 'झडती. मांडणी, वरून दुसरी फळी, एका ओळीत, १४. पैकी ९ वर बंगल्याचं आडनाव, त्यात पंच्याहत्तरीचे २. बाकी ५ वर वेगळी नावं.' आणि त्याखाली: 'मटकी ✓'.

पलंग नाही, गोणी नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. मग, काय करावं कळत नसलं की मी जे करते ते केलं. मोजायला घेतलं. आमच्याच कपाटांमधली, आमचं नाव नसलेली भांडी काढून ओट्यावर मांडली.

नवरा चहा मागायला आला. "हे काय, भांडार उघडतेस?"

"आपल्याकडे दुसऱ्यांची किती भांडी आहेत ते बघतेय."

"असतील चार-पाच."

तेवीस निघाली. मनमाडच्या मावशीचं पातेलं, ज्यातून आठ वर्षांपूर्वी पुरण आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या, आता पुण्याला गेलेल्या शेजाऱ्यांची कढई. कुणाच्या तरी वास्तुशांतीचा तांब्या, तो कुणी आणला हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. प्रत्येक भांडं काहीतरी भरून आलं होतं, आणि प्रत्येक भांडं परत न जाण्याचं कारण एकच होतं. रिकामं देता येत नाही, आणि भरून द्यायला सवड झाली नाही.

सतराव्या क्रमांकावर एक मध्यम डबा होता, कडीचा. उलटा केला. बंगल्याचं आडनाव. आजींच्या पंच्याहत्तरीनिमित्त सप्रेम भेट, खाली तारीख.

मी खुर्चीवर बसले. नवऱ्याने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "पलंगाखाली ठेवू का लपवून?"

सायखेड्याला मोठ्या जाऊबाईंना फोन लावला. "तो कडीचा डबा, शेव-लाडूंचा, तुमच्याकडे कुठून आला?"

"कुठला गं? हां, तो! माझ्या विहीणबाईंना मिळालेला. कोणाची तरी पंच्याहत्तरी होती नाशिकला, सगळ्या पाहुण्यांना वाटले. त्यांनी त्यातून मला पापड दिले, मी तुला लाडू दिले. लय दिवस झाले की त्याला. परत पाठवतेस का?"

"पाठवते."

"रिकामा नको पाठवू हां," जाऊबाई म्हणाल्या.

तिसऱ्या तारखेला मी पिंजऱ्यात उभी राहिले. पिंजरा म्हणतात, पण तीन बाजूंनी लाकडी कठडा असतो आणि चौथी बाजू उघडी, पळायचं असेल तर. सरकारी वकील तरुण होत्या, समोर तीसेक फायली, चेहऱ्यावर माझ्याच शनिवारची घाई. त्यांनी पंचनामा दाखवला. "सही तुमची?"

"माझी."

"पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

"झाला."

"मजकूर बरोबर आहे?"

"आकडा बरोबर आहे. मजकूर बरोबर नाही."

त्यांचा हात पुढच्या फायलीकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. मी सांगितलं. भांडी मांडणीवर होती. दुसरी फळी, एक ओळ, घासलेली. गोणी पोलिसांनी आणली. पलंगाखाली काहीही नव्हतं, एक चपलांचा जोड सोडून.

सरकारी वकिलांनी कोर्टाला सांगितलं की साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपास घ्यायची परवानगी मिळावी. बावन्न वर्षांत मला कुणी उशिरा आलीस असंही म्हटलेलं नाही, आणि इथे एकदम फितूर. मी कठडा घट्ट धरला.

"तुम्ही पंचनामा वाचून सही केली?"

"वाचून केली."

"त्यात एक चूक दुरुस्तही केली?"

"केली."

"मग ही दुसरी चूक तेव्हा का नाही सांगितली?"

"घाई होती."

"कसली घाई?"

खोटं सांगता आलं असतं. आजारी सासूबाई, गॅसवर कुकर, लोकांकडे असल्या गोष्टी असतात. पण आत्ताच देवाची शपथ घेतली होती. "मटकी," मी म्हणाले. "साडेबाराला संपते."

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्यांनी टायपिस्टकडे बघून सावकाश सांगितलं, "लिहा. साक्षीदार म्हणते, तिला मटकी घेण्याची घाई असल्याने तिने मजकुरावर आक्षेप घेतला नाही." की-बोर्डवर ते वाक्य खटखट उमटताना मी ऐकलं. ते आता कायमचं सरकारदरबारी आहे. माझ्या वीस वर्षांच्या वेळापत्रकांचा सारांश म्हणून तो काही वाईट नाही.

मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर, कोटाची एक बाही उसवलेली. त्यांनी सरळ विचारलं. "बाई, तुमच्या घरात दुसऱ्यांची नावं घातलेली भांडी आहेत का?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाल्या, विचारू द्या.

"आहेत," मी म्हणाले. "तेवीस."

"तेवीस? नक्की?"

"रविवारी मोजली."

"त्यांपैकी फिर्यादींच्या आडनावाचं एखादं?"

त्यांनी हे सहज विचारलं असणार, खडा टाकून बघावा तसं. मी सांगितलं, आहे. पंच्याहत्तरीचा कडीचा डबा. जप्त केलेल्यांमध्ये तसेच दोन आहेत, हवं तर शेजारी ठेवून बघा. आणि ज्यांच्याकडून मिळाला त्यांना तो कुठून आला, हेही सांगितलं, विहीणबाईंपासून शेव-लाडूंपर्यंत.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही फिर्यादींना ओळखता?"

"नाही, मॅडम."

"मग त्यांचा डबा इतकी वर्षं तुमच्याकडे कसा? परत का नाही केला?"

"रिकामा कसा करणार?" मी म्हणाले.

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांचं ते उत्तर पंचनाम्यात नव्हतं. हवालदारांनी लिहिलं नव्हतं आणि मी लिहायला लावलं नव्हतं. टायपिस्ट बाईंनी न सांगताच मान हलवली. त्यांच्याही घरी असणार दहा-बारा. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "लिहा. जसंच्या तसं लिहा."

निकालाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ते काम डायरीत तीन वर्षांपूर्वी चुकीने खूण करून मिटवलं होतं आणि ते उघडं राहिलं होतं. निकाल छोटा होता. चांदीची वाटी मिळालेली नाही. भांडी चोरीची आहेत हे सिद्ध झालेलं नाही. आरोपी निर्दोष. भांडी ज्यांच्याकडून जप्त केली त्यांना परत द्यावीत.

वकिलांनी बाईंना दोनदा सांगितलं, "सुटलात, मावशी." मग त्या खाली बसल्या, तिथेच, फरशीवर.

भांडी परत घ्यायला तीन आठवड्यांनी जावं लागलं. वकिलांच्या कारकुनाकडून बाईंनी मला निरोप धाडला. निरोप असा: वाचायला या. मुद्देमालाच्या खोलीतल्या कारकुनाने गोणी काढून दिली, पावती पुढे केली, बोट ठेवून म्हणाला, "इथे अंगठा किंवा सही."

बाईंनी पावती माझ्या हातात दिली. "सगळं वाचा ताई. पूर्न."

मी वाचलं. 'चोरीस गेलेली व आरोपीकडून हस्तगत केलेली भांडी, नग चौदा.'

"हे 'चोरीस गेलेली' खोडा," मी म्हणाले.

"छापील फॉर्म आहे मॅडम. सगळ्यांना तोच देतो."

"मग पेनाने खोडा आणि बाजूला सही करा."

"साहेब जेवायला गेलेत."

"आम्ही बसतो."

आम्ही बसलो. त्या दिवशीच्या यादीत अजून पाच कामं होती, त्यातलं एकही झालं नाही. साहेब पाऊण तासाने ढेकर देत आले, पावती बघितली, मला बघितलं, आणि या बाईशी वाद घालण्यापेक्षा दोन शब्द खोडणं स्वस्त आहे असं त्यांना वाटलं असावं. खोडून सही केली. मग बाईंनी सही केली, हळूहळू, सगळं नाव.

बाहेर पायरीवर त्यांनी गोणी ओतली. तीन वर्षांत भांडी काळवंडली होती, एका डब्याला पोचा आला होता. मी मोजली, चौदा. त्यांनी प्रत्येक भांडं उलटं करून दोन ढीग लावायला घेतले. त्यांना वाचता फारसं येत नाही, पण कुठलं कुणाचं ते पाठ होतं. एका ढिगात पाच, दुसऱ्यात नऊ.

"या पाच जणींनी तक्रार नाय केली," त्या म्हणाल्या. "कामावरून काढलं, पन तक्रार नाय केली. त्यांची भरून देते. चकल्या करते."

"आणि ही नऊ?"

त्यांनी पंच्याहत्तरीचा डबा उचलला, पदराने पुसला, झाकण उघडून आत बघितलं.

"ही घासते चांगली. आरशासारखी करते. आनि बंगल्याच्या दारात नेऊन ठेवते, वळीत." त्यांनी झाकण दाबून बसवलं. "सगळी रिकामी."

मी डायरी काढली. बाईंच्या घराकडे रिक्षा, घासायला चिंचेचा गोळा एक, चकलीची भाजणी दोन किलो. मग माझा सतराव्या क्रमांकाचा डबा आठवला आणि भाजणीचे दोन खोडून तीन केले. जाऊबाईंचा भरूनच जायला हवा.